तिच्या ‘आम्ही’त मी नव्हते

फोनवर ती म्हणाली, “या उन्हाळ्यात आम्ही डोंगरात चालायला जाऊन राह्यलो. इकडच्या डोंगरांवर उन्हाळ्यातपण बर्फ असतो, माहीतेय का?”

मला डोंगर ऐकू आला नाही, बर्फही नाही. मला फक्त ‘आम्ही’ ऐकू आलं.

मराठीत ही सोय फार पक्की आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. दार लावून घ्यायला वेगळा शब्द लागत नाही. कॉलेजपासून आमच्या दोघींत ‘आम्ही’ फक्त पत्रकात यायचं. आम्ही मागणी करतो, आम्ही निषेध करतो. एकमेकींशी बोलताना कायम आपण. आपण चहा घेऊ. आपण हसनाबादला मुक्काम करू. आपण त्या ग्रामसेवकाला सोडायचं न्हाई. आता ती नॉर्वेत कंप्युटरवर नोकरी करते, तिच्या ऑफिसात तिथलीच एक पोरगी आहे, आणि ‘आम्ही’ म्हणजे त्या दोघी.

पुढं ती म्हणाली की चालण्याचा प्लॅन मीच बनवून द्यावा. पदयात्रेचे मुक्काम मीच लावायचे, तसे कुणाला जमत नाहीत, वगैरे. म्हणजे भाकरी मी थापायच्या आणि पंगतीला दुसरी बसणार. मी हे तसंच्या तसं तिच्या तोंडावर म्हटलं. ती हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

दर वर्षी एप्रिल-मेमध्ये आमचा गट पाण्याच्या प्रश्नावर भोकरदन तालुक्यात गावोगाव चालत जातो. झोळीत पत्रकं, डोक्याला रुमाल, रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी. ती जालन्यात होती तोवर पुढं ती आणि मी असायचो. लोकांना वाटतं पदयात्रा म्हणजे घोषणा. घोषणा कुणीही देतं. खरं काम मुक्काम लावण्याचं. आधी निरोप द्यायचा, किती माणसं ते सांगायचं, भाकरी कुठल्या गल्लीतून येणार आणि पिठलं कुठल्या, ते ठरवायचं. बायांना आंघोळीला आडोसा बघायचा. केदारखेड्यात एकदा आम्ही निरोपापेक्षा जास्त माणसं घेऊन पोहोचलो तेव्हा तिथल्या एका काकूंनी भर चौकात मला विचारलं होतं, “पत्रकात आकडे मोठे लिहितीस, मंग निरोपातच कशाला कमी सांगतीस गं?” तेव्हापासून माझा नियम पक्का झाला. निरोपाशिवाय मुक्काम नाही.

आता या नियमावर तिचा प्लॅन कसा बसणार ते सांगते. तिकडं डोंगरात ठिकठिकाणी मुक्कामाची घरं असतात, त्यांना हट म्हणतात. माझ्या आईनं विचारलं, हट म्हणजे काय. मी म्हटलं, झोपडी. आई चाळणी खाली ठेवून म्हणाली, “एवढं शिकून, इमानात बसून, झोपडीत राहायला गेली व्हय पोरगी?”

आमच्या पत्रकांत झोपडी या शब्दापाठोपाठ अतिक्रमण येतं, मग नोटीस, मग जेसीबी. तिच्या झोपडीला लाकडी भिंती, जाड ब्लँकेटं, लोखंडी शेगडी, कपाटात डबाबंद जेवण. राखणदार कुणी नाही. सगळ्या झोपड्यांना एकच किल्ली लागते आणि ती डोंगर चालणाऱ्यांच्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाकडे असते. आलेल्याला परत पाठवत नाहीत, खाटा भरल्या तर जमिनीवर गादी टाकतात. निघताना भांडी घासायची, झाडून काढायचं, लाकडं फोडून ठेवायची आणि ओढ्यावरून पाणी आणून बादल्या भरून ठेवायच्या. पुढं येणाऱ्यासाठी.

तिनं पाठवलेल्या माहितीत हे वाचून माझं डोकं फिरलं. पुढं येणाऱ्यासाठी पाणी! ज्या गावांत मी पत्रकं वाटते तिथं टँकर आला की सख्ख्या जावा एकमेकींच्या घागरी मागं सारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. दारात ओढा असेल तर कुणीही उदार होईल. पण माझा राग त्या ओढ्यावर नव्हता, हेही मला कळत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती बादली घेऊन ओढ्याकडं चालली होती आणि बादलीची दुसरी बाजू त्या दुसरीनं धरली होती. ती बाजू माझी. हसनाबादच्या हापशावरून पाणी आणताना कायम माझी.

ती गेली आणि मी राहिले, यात हुशारीचा भाग थोडा आहे. अंबड रोडवर आम्ही रास्ता रोको केला त्या दिवशी ती पुण्याला मुलाखतीला गेल्ती. बाकी सगळ्यांवर केस झाली. तिला पासपोर्ट मिळाला, मला तारखा मिळाल्या. तिनं मुद्दाम केलं असं मी कधी म्हटलं नाही. पण ती विमानतळावरून फोटो पाठवायची तेव्हा मी कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसलेली असायचे, आणि तो फोटो मला आवडायचा नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तिची एकच अट होती, प्लॅन लवचीक पाहिजे. सकाळी उठून हवा बघायची आणि मग ठरवायचं, पुढं जायचं की थांबायचं की खाली उतरायचं. मला हे बिलकुल पटेना. आपल्याकडं लवचीक प्लॅनला ‘बघू’ म्हणतात, आणि बघू म्हणजे नाही, हे लहान पोरालाही कळतं. मी तिला विचारलं की कुणालाच आधी कळवायचं नसेल तर प्लॅन हवा कशाला. ती म्हणाली, तू बनव तर.

मी बनवला. रागात माझं काम चांगलं होतं. मोबाइलवर नकाशा मोठा करकरून मी त्या डोंगरांत इतकी फिरले की मला तिथल्या दऱ्या भोकरदनच्या गल्ल्यांसारख्या कळायला लागल्या. प्रत्येक मुक्कामाहून पुढं दोन वाटा काढल्या. एक वरून, बर्फाच्या कडेकडेनं, हवा चांगली असली तर. एक खालून, दरीतून, पाऊस असला तर. कुठल्या झोपडीत जास्तीचा दिवस काढावा, कुठून मध्येच गाडीरस्त्याला उतरून बस पकडता येईल, तेही लिहिलं. त्या दुसरीचा पाय मुरगळला तर तिला कुठून खाली पाठवायचं, हे मी जरा जास्तच बारकाईनं लिहिलं. तारखा टाकल्या आणि पाठवून दिला.

दोघींनी मिळून व्हिडिओ कॉल केला. एकाच सोफ्यावर, एकाच पांघरुणात. दुसरी पडद्यावर प्लॅन बघत होती. तिचं बोट तारखांवर थांबलं आणि तिला हसू फुटलं. मी विचारलं, काय झालं. मैत्रिणीनं सांगितलं की मी त्यांना मेमध्ये वर पाठवलंय. मेमध्ये तिकडं वाटा बर्फाखाली असतात. हिवाळ्यात ओढ्यांवरचे पूल काढून ठेवतात, तेसुद्धा तेव्हा लावलेले नसतात. तिकडचा चालायचा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्या आषाढ-श्रावणात.

आता उन्हाळा म्हटल्यावर जालन्याचं माणूस दुसरं काय धरणार? आमच्याकडं उन्हाळ्याला पर्याय नाही. पण हे सांगायला माझी जीभ वळली नाही, कारण ती दुसरी अजून हसत होती. वाईट हसत नव्हती, ते आणखी वाईट. वाईट हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

मैत्रीण हसत नव्हती. ती तारखांकडं बघत होती.

“अगं,” ती म्हणाली, “या तर आपल्या पदयात्रेच्या तारखा आहेत.”

मी वरमले नाही. मला ते तोवर दिसलंच नव्हतं. जे दिवस मी हसनाबाद-केदारखेडा चालणार होते, त्याच दिवसांत मी तिलाही चालायला लावलं होतं. पण तिच्या तोंडून इतक्या महिन्यांनी निघालेला तो ‘आपल्या’ मला सहन झाला नाही.

“आपल्या न्हाई,” मी म्हटलं. “आमच्या. तू त्यात न्हाईस आता.”

दुसरीला शब्द कळले नाहीत, पण तिनं पांघरूण जरा स्वतःकडं ओढलं आणि ती चहा करायला उठून गेली. तेवढं शहाणपण तिच्यात आहे, हे मी मान्य करते.

“‘येतेस का’ म्हणून तुला विचारायचं होतं मला,” मैत्रीण म्हणाली. “पण विचारलं असतं, तर तू पत्रक काढलं असतंस.”

“काढलं असतं.”

“मथळासुद्धा सांगते मी. पाणीटंचाईत बर्फ बघायला निघालेल्यांनो.”

मथळा चांगला होता. मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, माझ्यावर केस आहे, पासपोर्ट कुठला, आणि तुला हे पहिल्यापासून ठाऊक आहे.

“मंग लवचीक कुणासाठी म्हणून राह्यले होते मी?” तिचा आवाज चढला. “इथं निरोप लागत न्हाई बाई. जुलैत आलीस तर जुलैत, ऑगस्टात आलीस तर ऑगस्टात. अर्ध्या वाटेत बसनं येऊन मिळालीस तरी चालतं. आलेल्याला परत पाठवत न्हाईत.”

मी तिला म्हटलं, बघू. ती म्हणाली, तुझं बघू मला माहीत आहे, आणि फोन ठेवला.

मी प्लॅन पुन्हा बनवला. श्रावणात इकडं सगळ्या बाया खुरपणीला गेलेल्या असतात, पत्रक वाचायला गावात कुणी नसतं, तेव्हा चळवळीचं काही अडत नाही. गाडीरस्त्याला उतरायच्या ज्या जागा मी दुसरीच्या मुरगळलेल्या पायासाठी काढल्या होत्या, त्याच जागी खालून वर येणारं माणूस येऊन मिळू शकतं, असं लक्षात आलं. त्यामुळं तो भाग खोडावा लागला नाही. फक्त बाण उलटे केले.

पुढच्या तारखेला अंबडला कोर्टाच्या वऱ्हांड्यात मी वकीलसाहेबांना विचारलं, केस चालू असताना पासपोर्ट काढायचा तर काय करावं लागतं. ते म्हणाले, कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल, अर्ज करू, मिळेलच असं नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, तिकडं कुठलं आंदोलन आहे.

मी म्हटलं, आंदोलन नाही. चालायचंय. एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत.

“त्याच्यासाठी परदेश कशाला पाहिजे?” ते म्हणाले. “बरं, कारण काहीतरी बराबर लिहू. कोण कोण चाललंय?”

“आम्ही दोघी,” मी म्हटलं.

ते लिहायला लागले. अर्जात खरं लिहिलेलं बरं, म्हणून मी जरा वेळानं सांगितलं, “आणि तिच्या ऑफिसातली एक.”