नानांनी स्वतःच्या भिंतीला केलेलं प्लास्टर

दगा नाना आज सकाळी गेले. सरकारी कागदावर त्यांचं घर पक्कं आहे.

पक्कं म्हणजे काय, ते सांगते. समोर विटांची एक भिंत. बाकी तिन्ही बाजूंना पत्रे, वर पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर दगड. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बऱ्याच जणांना नाना माहीत नसतील.

पिंप्राळ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दुकानामागच्या वस्तीत नाना राहायचे. मूळचे साक्रीकडचे, धंद्याने गवंडी. तुमच्यापैकी एखाद्याच्या बंगल्याची भिंत त्यांच्या हातची असेलही.

वस्तीत कोणाच्याच नावावर काही नव्हतं. नानांनी एकेकाला सोबत घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. आधी जागेचे कागद, मग घरकुलाचे अर्ज.

अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय ते टेबलासमोरून हलायचे नाहीत.

साहेब म्हणायचे, "नाना, ठेवून जा, बघतो."

नाना म्हणायचे, "ठेवस ना साहेब. पहिले शिक्का मारा."

आवाज कधी चढवला नाही. भांडायचं खातं माझ्याकडे होतं.

मग सर्व्हे लागला. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज गेला, "परवा घरकुलाचा सर्व्हे आहे. कागद तयार ठेवा. घर नीट ठेवा."

हा मेसेज मी टाकला होता. आज हे इथे लिहून मोकळी होते.

घर नीट ठेवा म्हटल्यावर बायकांनी झाडलं, सारवलं, भांडी घासून मांडली. नाना पडले गवंडी. त्यांनी एका साइटवरून मालकाला विचारून उरलेलं सिमेंट आणलं आणि समोरच्या भिंतीला दिवसभर बसून प्लास्टर केलं. वर चुना मारला.

मी म्हटलं, "नाना, आत्ताच कशाला हा उद्योग?"

"पाव्हना ई राह्यना व ताई. उघडी भीत कशी दखाडू त्याले?"

मी हसले. हसायला नको होतं, तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता. फॉर्म मी भरते. 'भिंतीचा प्रकार' हा रकाना मला पाठ आहे.

सर्व्हेवाला आला. नानांनी खुर्ची दिली, चहा पाजला. त्याला अजून बरीच घरं करायची होती. त्याने समोरून एक फोटो काढला, मोबाइलवर एक टिक केली आणि निघाला.

आत गेलाच नाही.

त्या फोटोत नाना इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशेजारी ताठ उभे आहेत.

यादी लागली. वस्तीतली सगळी नावं होती. नानांचं नव्हतं. शेरा: पक्के घर.

"बठ्ठास्ना नावे उनात ना? मंग जाऊ दे," नाना म्हणाले. बाकी सगळ्यांची नावं आली यातच ते खूश. वाटलेल्या पेढ्यांतला एक त्यांनीही खाल्ला.

मी नाही जाऊ दिलं. अर्ज, तक्रार, परत अर्ज. चूक झाली हे ऑफिसात सगळ्यांना मान्य. दुरुस्त करायचा अधिकार मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच टेबलाला.

शेवटी एकाने हळूच सांगितलं, "ताई, ती भिंत पाडून टाका ना. आम्ही येऊन परत फोटो काढतो."

मी इतकी थकले होते की मलाही ते पटलं. नानांना म्हटलं, "घ्या हातोडा. एका दिवसाचं काम आहे."

नाना म्हणाले,

"माले फोडाले नको सांगू व ताई. बांधाले सांग."

माझं डोकंच फिरलं. "मग राहा तसेच पत्र्यात!" असं म्हणाले मी. सत्तरीच्या माणसाला. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी नाना एका म्हातारीला घेऊन दुकानात आले. तिच्या आधारवरचं आणि रेशनकार्डवरचं नाव जुळत नव्हतं. खुर्ची ओढून फॅनखाली बसले, काही झालंच नाही असे. मीही विषय काढला नाही.

माफी मागायची राहूनच गेली.

मग आजूबाजूला घरकुलं उभी राहायला लागली. नानांना दमा. तरी खोकत खोकत प्रत्येकाच्या ओळंब्याला डोळा लावून यायचे. कोणाची भिंत बोटभर जरी बाहेर गेली तरी गवंड्याला विटा उतरवून परत लावायला लावायचे. स्वतः रात्री पत्र्याखाली.

डॉक्टरांनी हवेशीर जागेत झोपायला सांगितलं होतं. आम्ही दोघंही त्यावर हसलो होतो.

गेल्या महिन्यात पत्र आलं. फेरपाहणी मंजूर. तारीख या येत्या गुरुवारची.

नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मी दम दिला, "या वेळी साहेबांना हाताला धरून आत न्यायचं. आतले पत्रे दाखवायचे."

"लई जासू," म्हणाले. म्हणजे घेऊन जाईन.

आज सोमवार आहे. पहाटे त्यांना दम लागला. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नानांचा मुलगा विलास रावेरला केळीच्या गाड्या भरतो. दुपारी पोचला. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ आला, डोळे सुजलेले.

म्हणाला, "ताई, गुरुवारी साहेब येतीन ना? मी दहाव्यापर्यंत घरच शे."

मला उत्तर माहीत आहे. अर्जदार गेला की फाइल बंद. आधी मृत्यूचा दाखला, मग वारसाचे कागद, मग विलासच्या नावाने नवा अर्ज. नवा नंबर. सगळं पहिल्यापासून.

मी म्हटलं, "येतील. तू घरीच थांब."

नाना, तुमच्या पोराशी मी आज खोटं बोलले. गुरुवारच्या आत खरं सांगायचं आहे आणि ते कसं सांगायचं ते मला समजत नाही.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.