मामाचा मान आणि चिंचोक्यांचा ढीग

स्वतःचीच किळस यावी असे प्रसंग माझ्या आयुष्यात पुष्कळ आले. पण बहुतेकांना साक्षीदार नव्हते, म्हणून ते पचले. भाचीच्या केळवणाला मी जे केलं ते मात्र अजून घशाशी येतं.

केळवण दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे होतं, कळंब्याला. आमच्यात नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत मामा आणतो. सख्खे मामा दोन, दादा आणि मी. चुलत-मावस धरले तर कोडोलीचा एक आणि गडहिंग्लजचा एक, असे चार. खरं तर हा प्रश्नच नव्हता. भाचीच्या वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून ती पाचवीपासून दहावीपर्यंत दादाकडेच राहिली. स्कूटरवरून शाळेत सोडणं, ताप आला की दवाखान्यात बसणं, गणिताच्या पेपराला फाटकाबाहेर तीन तास उन्हात उभं राहणं, हे सगळं दादानं केलं. मी वर्षातून दोनदा चॉकलेट घेऊन जायचो आणि त्यातलं अर्धं मीच खायचो.

पण आमच्या घरात स्वतःचा मान स्वतः मागायचा नसतो. दुसऱ्यानं म्हणायचं, 'तुम्हीच की', आपण दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उठायचं. त्या दिवशी जेवताना कोडोलीकरानं चेष्टेत सुरू केलं, "काय पावणं, पोरीला हाताला धरून कोण आणणार? आम्ही बी मामाच की!"

दादा मान खाली घालून रस्सा भुरकत राहिला. इथं मी म्हणायला हवं होतं, 'दादा आणणार.' मी म्हणालो, "पत्त्यावर ठरवूया."

कारण सहा महिने मी मोबाइलवर पोकरचे व्हिडिओ बघत होतो. "तेवढं ध्यान गोळ्यांकडं दिलं असतंसा तर बीपी तरी उतरलं असतं," असं बायको रोज ऐकवायची. एवढी विद्या शिकून ठेवली आणि गिऱ्हाईक कोणी नाही, अशी माझी अवस्था होती.

"चालतंय की," दादा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नको म्हटलं असतं तर मान मागितल्यासारखं झालं असतं.

बायका खाली आवरत होत्या. आम्ही चौघे माडीवर सतरंजीवर बसलो. प्रत्येकाला सारखे चिंचोके वाटले. शेवटी ज्याच्याकडे सगळे चिंचोके जातील, तो मामा. तिघांना रमीच येत होती, त्यामुळे मी गुरुजी झालो. दोन पानं हातात, पाच मधे, ती सगळ्यांची. पटलं तर चिंचोके लावायचे, नाही तर पॅक, म्हणजे पानं टाकून तो डाव सोडायचा. ज्याची जोडी मोठी, त्याचा डाव. प्रत्येक डावाआधी सगळ्यांनी थोडे चिंचोके बूट म्हणून भरायचे आणि दर पंधरा मिनिटांनी बूट दुप्पट. हे सगळं मी इतकं नीट सांगितलं की कोडोलीकर म्हणाला, "शाळा काढ की रं एखादी!"

सुरुवातीला मी नुसता पॅक करत बसलो. दोघं भिडले की मधे जायचं नाही, एकमेकांना मारू द्यायचं, हे मी शिकलो होतो. कोडोलीकर फुशारक्या मारत पहिल्या तासातच रिकामा झाला आणि बडीशेप खात आमचा तमाशा बघत बसला. मग दादा आणि गडहिंग्लजकर भिडले. दादाचा ढीग ओंजळभर उरला. पुढच्याच डावात मला दोन एक्के आले आणि गडहिंग्लजकर माझ्या पोटात गेला. हे निव्वळ नशीब. पण मी चष्मा वर करून असा बसलो, जणू गणित मांडून जिंकलोय.

राहिलो दोघं भाऊ. माझ्यापुढं डोंगर, त्याच्यापुढं ओंजळ.

आता ओंगळ भाग. शेवटी शेवटी बूट इतकं जड होतं की ढीग लहान असलेल्यानं वाट बघत बसणं म्हणजे मरण. बरं पान दिसलं की सगळं लावून मोकळं व्हायचं, एवढाच त्याला मार्ग. आणि मोठ्या ढिगाच्या माणसानं दर डावाला दाबायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. मी दाबत होतो, नंतर नंतर तर पानं न बघताच. दादा रमीचा माणूस, पानं लागायची वाट बघणारा. पॅक, पॅक, पॅक. बूट भरून भरून ओंजळीची मूठ झाली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आता काय करावं रं? थांबू का?"

"थांब की," मी म्हणालो. "चांगली पानं येतील."

दादा थांबला. मुठीची चिमूट झाल्यावर त्यानं राजा आणि दश्शीवर सगळं लावलं. मी न बघितलेली पानं उलटी केली, सत्ती आणि दुरी. मधे शेवटचं पान दुरी आलं, माझी जोडी जमली. त्याला ना राजा, ना दश्शी. मी जिंकलो आणि मोठ्यानं हसलो. ते हसू आठवलं की आजही तोंड धुवावंसं वाटतं.

आक्का, म्हणजे नवरीची आई, चहा घेऊन वर आली. कशासाठी खेळत होतो ते कोडोलीकरानं सांगून टाकलं. तिनं ट्रे खाली आपटला.

"माझ्या पोरीचा हात चिंचोक्यावर लावलासा? लाज न्हाय वाटली?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू घेणार हाईस तो मान?"

"घेऊ दे," दादा म्हणाला. "ठरलं म्हंजे ठरलं."

लग्नादिवशी सकाळी मला राहवेना. कार्यालयाच्या मागं दादा भटजींसाठी पाट पुसत होता. मी म्हणालो, "दादा, तवा मी तुला थांब म्हटलं न्हवं का, ते चुकीचं सांगितलं. थांबायचं नसतं."

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हंजे?"

"बूट भरून ढीग आटतोय, हे दिसत हुतं की मला. आंधळा हाय व्हय मी?"

"मग विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतोस ते बघत हुतो," दादा म्हणाला आणि दुसरा पाट पुसायला घेतला.

"तू ने की रं तिला," मी म्हणालो. "आक्काला मी सांगतो."

"तू दिलेलं नको," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. मग त्यानं हात पुसले, माझ्या फेट्याचा शेमला सरळ केला आणि पाठीला हात लावून मला पुढं ढकललं. "जा, म्हूर्त टळंल."

मी भाचीला खोलीतून आणायला गेलो. दारातून बाहेर पडताना तिनं इकडं तिकडं बघितलं. मोठा मामा कुठंय, ते तिनं विचारलं नाही. मी तिचा हात धरला. चार पावलं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मामा, हात किती घामेजलाय तुझा!"

"उकडतंय," मी म्हणालो.

डिसेंबरातली सकाळ होती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी शाली पांघरल्या होत्या.