वस्तादची रग

आज दवाखान्यात एक नग आला. तक्रार काय, तर मी त्याचा कुत्रा बरा केला!

कुत्र्याचं नाव वस्ताद. गेल्या आठवड्यात आणला तेव्हा डोक्याजवळ हात नेला की अंगावर यायचा. मालक छाती फुगवून म्हणाला, "रग हाय त्याच्यात. कुणाला हात लावू देत न्हाय." त्याचं रीलसुद्धा केलेलं.

वस्ताद मान सारखी एका बाजूला झुकवत होता. गुंगीचं इंजेक्शन देऊन कान बघितला, तर आत पू. किती दिवस ठणकत होता कुणास ठाऊक.

आज तोच वस्ताद आपणहून माझ्या मांडीवर डोकं टेकून बसला आणि मालकाचं तोंड उतरलं.

"डॉक्टर, काय करून ठेवलंसा? गल्लीतली पोरं ह्याच्याशी खेळत्यात. इज्जत गेली की आमची!"

"पावणं, ती रग नव्हती. कान दुखतोय म्हणून सांगत होता तो."

"ते ऱ्हाऊ द्या. रग परत यायचं एखादं इंजेक्शन हाय का?"

त्याला बाहेर काढलं. घरी येऊन ते रील बघितलं. वस्तादची वाकडी मान त्यात स्पष्ट दिसतेय. आणि खाली तुमच्यातल्याच कितीतरी जणांनी लिहिलंय, "नाद खुळा!"

मंडळी, नक्की कशाचं कौतुक करत होता?