सहादूमामांचा एकच फटका

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान नावाचं एक मैदान आहे. तिथे सभा होतात, सर्कस उतरते, पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं सकाळी फिरायला येतात. गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही. त्यामुळे माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे गोल्फच्या मैदानावर कामाला आहेत असं कळल्यावर आमच्या वडिलांची समजूत झाली की ते सर्कशीत असणार. वाघाबिघाचं काही नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं.

खरा गोल्फ चालायचा तो देवळाली कॅम्पात. माझे सासरे तिथे कॅडी होते. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागून चालायचं, असं ते काम. गोऱ्या साहेबांच्या काळात अगदी लहान वयात लागले, मग आपले लष्करातले साहेब आले, मग कारखानदार आले. पिशव्या बदलल्या, खांदा तोच. आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत सगळे त्यांना सहादूमामा म्हणत आणि मी सून म्हणूनही मामाच म्हणायची.

या कामात एक रीत होती आणि तिचा मला मनस्वी राग होता. साहेबाने मारलेला बॉल झुडपात गेला की कॅडीने पळत जाऊन शोधायचा. सापडला तरी त्याला हात लावायचा नाही. बॉलशेजारी उभं राहायचं, एक हात उंच धरायचा आणि साहेब येईपर्यंत तसंच थांबायचं. साहेब लोक गप्पा मारत, सिगारेट पेटवत, टोपी सारखी करत सावकाश यायचे. रोज घरी आल्यावर मामांचा उजवा खांदा ठणकायचा. माझ्या सासूबाई, सुलाबाई, तेल कोमट करून तो चोळायच्या आणि मी स्टोव्हपाशी धुसफुसत असायची.

"मामा, हात खाली ठेवून उभं राहिलात तर काय आभाळ कोसळेल?"

"अगं, साहेबाला लांबून दिसायला नको का?"

"आणि बॉल सापडलाच नाही तर?"

"मग तो फटका धरत नाय. मारलाच नाय असं."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. आमच्या वस्तीतली पोरं शिकून बँकेत, प्रेसमध्ये, कोर्टात लागत होती. माझे मालकही नोटांच्या प्रेसमध्ये होते. अशा घरातल्या म्हाताऱ्याने उन्हात हात वर करून उभं राहावं हे मला सहन होत नव्हतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवायची. मामा कधी चिडले नाहीत. त्यांना ते मैदान खरंच आवडायचं. सकाळी दवात चालायला मिळतं, वर पगारही मिळतो, यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मी शाळेतून लवकर घरी आले तर मामा मागच्या अंगणात छत्री उलटी धरून तिच्या मुठीने लिंबाला टोले देत होते. मला पाहून छत्री पाठीमागे लपवली. लिंबं मात्र कुंपणापर्यंत पसरली होती, ती कुठे लपवणार?

"काय चाललंय मामा?"

"काय नाय. इतकी वर्षं पिशवी वाहिली, पण एक बॉल मारला नाय. कसं वाटतं ते बघत होतो."

"मग मारायचा की मैदानावर एखादा."

"कॅडीनं तिथं काठी फिरवायची नाय. क्लबाचा नियम हाय."

लिंबं गोळा करताना त्यांचा चेहरा इतका पडला होता की त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. सासूबाई मात्र त्या लिंबांचं लोणचं घालेपर्यंत बोलत होत्या.

त्या काळात मामा ज्यांची पिशवी वाहत ते खंडेराव शेठ. मूळचे लासलगावचे, कांद्याचे व्यापारी. पुढे सातपूरला कारखाना काढून कांदा वाळवून त्याची पूड करायला लागले आणि ती पूड फ्रान्सला जायला लागली. तिकडचे लोक म्हणे कांद्याचं सूप पितात. पूड घेणारा फ्रेंच व्यापारी, रेने साहेब, हा गोल्फवेडा. त्याच्याशी बोलायला विषय हवा म्हणून शेठनी पन्नाशीत गोल्फ शिकायला घेतला. अंगाने आडवे, गुडघे कुरकुरणारे. शेठच्या हातून बॉल सरळ खाली पडायचा तो फक्त खिशातून निसटला तर. बाकी सगळे झुडपात. म्हणजे मामांच्या खांद्याला काम.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात रेने साहेबाने शेठना सुट्टीसाठी बोलावलं. फ्रान्सच्या खेड्यात एक जुना किल्ला, त्याचं केलेलं भारी हॉटेल, भोवती त्याचंच गोल्फचं मैदान. नवरा-बायको दोघांनी यावं, सगळी व्यवस्था आमच्याकडे, असा निरोप. पण शेठच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, गंगापूर रोडच्या बंगल्यात ठणकावून सांगितलं, "मी त्या विमानात पाय ठेवायची नाही. इकडे लेकीचं बाळंतपण आहे. तुम्ही सहादूला न्या. तुमचे गुडघे त्यालाच ठाऊक."

झालं. मामांचा पासपोर्ट निघाला. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा रीतीप्रमाणे एक जून लावली. वस्तीत मामांचा सत्कार झाला, गळ्यात हार पडला, 'जयभीम सहादूमामा, फ्रान्सला आमचा पण सांगा' असं जो तो म्हणू लागला. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट ठुसठुसत होती. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या बॅगेत स्वेटर कोंबता कोंबता म्हटलं,

"फ्रान्सला जाऊनही पिशवीच वाहणार ना?"

"मग काय करणार?"

"तिथे आपल्या क्लबाचा नियम नाही. एकदा मारून या."

"बघतो."

"बघतो नाही. मारतो म्हणा."

मामांनी स्वेटरची बाहेर राहिलेली बाही बॅगेत खुपसली. मग म्हणाले, "मारतो."

"सून हाय का सुभेदार!" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ते हवंच होतं, मला दिसत होतं.

पुढचं सगळं मामांनी परत आल्यावर आम्हाला सांगितलं. हॉटेलचा किल्ला पाहून ते जरा खट्टू झाले, कारण त्याला ना पडकी तटबंदी, ना तोफ. आत पाय रुतावा असे गालिचे. न्हाणीघरात चार पायांवर उभी असलेली भलीमोठी टाकी, तिच्यात माणसाने झोपून आंघोळ करायची. टॉवेल आमच्या गोधडीएवढे जाड. खोलीत एकच प्रचंड पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकलेल्या. नवरा-बायको येणार म्हणून ती तयारी. शेठ पाकळ्यांकडे बघत नुसते उभे राहिले. मग दोघांनी मिळून त्या वेचल्या आणि मामांनी गालिच्यावर आपली चादर अंथरली. असा मऊ बिछाना जन्मात मिळाला नव्हता, म्हणाले.

खिडकीतून द्राक्षाचे मळे दिसायचे. "पण आपल्यासारखा मांडव नाय. कमरेएवढी झाडं, ओळीनं उभी," मामा सांगत. आणि गवत! डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं हिरवंगार, दाट गवत. "एवढं गवत आणि एक गाय नाय," हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे ते सुरू करायचे आणि आम्ही पुरं करायचो.

पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. मामा सवयीने शेठच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. रेने साहेबाने दोन पाहुणे बोलावले होते आणि दोन पाहुणे आले होते, त्याचा हिशोब सरळ. त्याने मामांचा दंड धरून त्यांना शेठच्या शेजारी बसवलं. मामा आणि शेठ आजवर कधी एका टेबलाला बसले नव्हते. शेठनी जरा चुळबुळ केली, मग म्हणाले, "बस रे सहादू. नाहीतर हा बाबा जेवायचा नाही." दुसऱ्या दिवसापासून शेठनी घरून आणून खोलीत लपवलेला ठेचा मामाच टेबलावर घेऊन जायला लागले. रेने साहेबाने तो चाखला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला.

मैदानावर वेगळीच पंचाईत. तिथे पिशव्या वाहायला बॅटरीवर चालणारी इवलीशी गाडी होती. मामांच्या खांद्यावर काहीच नाही. रिकाम्या हातांनी मैदानावर चालायचं म्हणजे त्यांना घरातून काहीतरी विसरून आल्यासारखं वाटायचं. रेने साहेब रोज त्यांच्यापुढे काठी धरायचा. मामा रोज हात जोडायचे. शेठही म्हणायचे, "मार की रे, इथे कोण बघतंय?"

"मनात तू वरडत होतीस," मामा मला म्हणाले, "पण हात ऐकंनात. काठी दिसली की ती पुसून साहेबाला द्यायची, एवढंच हातांना ठाऊक."

असे सगळे दिवस गेले आणि शेवटची सकाळ आली. दुपारी मोटारीने पॅरिसला जायचं, तिथून विमान. त्या सकाळी रेने साहेबाची बायकोही खेळायला आली होती. पांढऱ्या केसांची, हसरी बाई, खेळायला शेठपेक्षाही वाईट. तिने काही न विचारता एक बॉल छोट्या खुंटीवर ठेवला, आपली काठी मामांच्या हातात दिली आणि मागे सरली. सगळेच मागे सरले. मामांनी आजूबाजूला पाहिलं. देवळालीच्या क्लबाचे सेक्रेटरी कुठे दिसतात का, हे पाहिलं, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं.

पहिला फटका बॉलला न लागता नुसताच हवेत गेला. दुसऱ्याने गवताचा ढेकळासकट तुकडा उडाला. मामांनी जाऊन तो उचलला, जागेवर बसवला, पायाने दाबला, आणि परत येऊन उभे राहिले. तिसऱ्या वेळी टक्‌ असा आवाज झाला.

"तो आवाज जन्मभर ऐकला होता गं," मामा म्हणाले. "पण बाजूला उभं राहून. हातातून येतो तेव्हा येगळाच असतो. पार खांद्यापर्यंत जातो."

बॉल उंच गेला आणि उजवीकडच्या झाडांपलीकडे काटेरी झुडपांत उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेने साहेबाने खिशातून दुसरा बॉल काढून पुढे केला. मामांनी काठी खाली ठेवली आणि झुडपांकडे धूम ठोकली.

"सहादू, राहू दे! मोटार यायची आहे!" शेठ ओरडले. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. साहेबाच्या हाकेला ओ न देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"बॉल सापडला नाय तर फटका धरत नाय," मामा मला म्हणाले. "मग घरी येऊन तुला काय सांगणार होतो?"

पण बॉल सापडेना. साहेबांचे बॉल हा माणूस नुसत्या नजरेने शोधायचा, कारण तो कुठे पडतो ते बाजूला उभं राहून बघायची डोळ्यांना सवय. स्वतः मारला तेव्हा आनंदाने डोळेच मिटले होते. आपल्या घाणेरीसारखी ती झुडपं, वर काळी फळं लागलेली. मामा दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करत होते, हातांवर ओरखडे उठत होते आणि बॉलचा पत्ता नव्हता. रडू यायचंच बाकी राहिलं होतं, असं ते म्हणाले. मला माहीत आहे, आलंच असणार.

मग मागून फांद्या मोडल्याचा आवाज आला. रेने साहेब आत शिरला होता. त्याची बायको काठीने पाला उलटत होती. आणि कुरकुरते गुडघे घेऊन शेठही पलीकडच्या बाजूने झुडपात घुसले होते. सगळे खाली मान घालून मामांचा बॉल शोधत होते.

"सहादू!"

मामांनी मान वर केली. बऱ्याच अंतरावर, काट्यांत कंबरेपर्यंत रुतलेले खंडेराव शेठ उभे होते. टोपी कुठेतरी पडलेली, नवा सदरा कोपराशी फाटलेला. बॉल त्यांच्या पायाशी होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. उजवा हात मात्र सरळ वर धरला होता.

इथपर्यंत सांगून मामा थांबले. चहा निवला होता, तरी त्यांनी तो घोट घोट प्यायला. मला राहवेना.

"आणि तुम्ही पळत सुटलात," मी म्हणाले. मी त्यांना ओळखून होते.

"पळणारच होतो. एक पाय उचललापण होता." मामा हसायला लागले. "मग म्हटलं, थांब सहादू. अंगावरचा पाला झटकला. रेने साहेबाशी दोन शब्द बोललो. त्याला काय कळलं नाय, पण तो हसला. मग डोईवरची टोपी सारखी केली आणि सावकाश चालत गेलो."

"आणि शेठ?"

"शेठ उभे होते की. हात वर करून. मी पोचेपर्यंत."

माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. सासूबाई कोपऱ्यातून उठल्या, मामांच्या खांद्यासाठी काढलेली तेलाची वाटी परत फळीवर ठेवली आणि म्हणाल्या,

"खांदा दुखला असंल बिचाऱ्याचा."