तांबडीला सांगायच्या गोष्टी

माझी वहिनी सव्वीस वर्षांत एकही रात्र शेताबाहेर राहिली नव्हती. कारण साधं होतं. गोठ्यात कायम एक गाय असायची आणि ती वहिनीशिवाय कुणालाही दूध द्यायची नाही. गायी बदलल्या, पण हे काही बदललं नाही. सध्याच्या गाईचं नाव तांबडी.

मी दर हिवाळ्यात रजा काढून दहा दिवस दादाकडे शेतावर राहतो, त्यामुळे वहिनीचा दिवस मला पाठ आहे. पहाटे पाचला ती चूल पेटवते, पाणी तापवते आणि त्या पाण्यात हात बुडवून बसते. हात गरम झाले की गोठ्यात जाते. गार हात लावला तर तांबडी लाथ मारते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही, असं वहिनीचं मत आहे. सव्वादहाला मागच्या पायरीवर ऊन येतं आणि पावणेअकराला ते पाण्याच्या टाकीमागे जातं. तेवढा अर्धा तास वहिनी पायरीवर बसून वाटाणे सोलते. दर चौथ्या शेंगेचे दाणे पातेल्याऐवजी तोंडात जातात. हिवाळ्यातली तिची चैन म्हणजे एवढीच.

तिच्या तोंडून तक्रार कुणी ऐकलेली नाही. दादा पाहुण्यांना हे कौतुकानं सांगतो. "आमच्या हिची कशाबद्दल तक्रारच नसते बघा." तेव्हा वहिनी उठून चहा टाकायला जाते.

तिची बहीण समुद्राकाठच्या गावी राहते. ती दर वर्षी बोलावते आणि वहिनी दर वर्षी "बघू" म्हणते. या वर्षी बहिणीनं फोनवर सांगितलं, "आता बघत बसलीस तर गुडघेच येऊ द्यायचे नाहीत." वहिनीनं पाच दिवस जायचं ठरवलं.

तयारी महिनाभर चालली. धारेच्या वेळचा तिचा जुना जांभळा स्वेटर दादानं घालायचा, म्हणजे तांबडीला वास ओळखीचा वाटेल, अशी योजना होती. दादा स्वेटर घालून बसायचा, वहिनी शेजारी उभी राहून सांगायची, "अहो, ओढू नका. अंगठा आत घ्या. इतकी वर्षं बघताय तरी काय?" आणि तांबडी बादलीभर दूध द्यायची. योजना यशस्वी झाली असं सर्वांनी मानलं.

वहिनी सकाळच्या बसनं गेली. जाताना तिनं मला तीन सूचना दिल्या. पेंड कोमट पाण्यात भिजवायची, पायरीवर ऊन आलं की वाटाणे सोलायचे, स्वेटर खुंटीवरच ठेवायचा. मी त्या कागदावर उतरवून घेतल्या.

ती गेल्यावर मी स्वेटर पाहिला. त्याला शेण, केस आणि गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. वहिनी परत येईल तेव्हा तिला स्वच्छ स्वेटर मिळावा, म्हणून मी तो दोनदा साबण लावून धुतला, उन्हात वाळवला आणि पुन्हा खुंटीवर ठेवला. कागदाप्रमाणे तो खुंटीवरच होता.

संध्याकाळी दादानं तो अंगात घातला आणि हुंगला.

"हा कुणी धुतला?"

"मी."

"का?"

"घाण होता."

"घाण होता म्हणूनच तो कामाचा होता ना रे!"

तांबडीनं दादाकडे एकदा वळून पाहिलं आणि पान्हा चोरला. बादलीत कपभरही दूध पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिची कास ताठरली होती आणि ती पाय आपटत होती. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. "आज संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही, तर बाईंना बोलवून घ्या," असं म्हणाला.

दुपारी वहिनीचाच फोन आला.

"तांबडी देते ना?"

"बादली भरून," दादा म्हणाला.

"मी सकाळी पाण्यात पाय घालून बसले होते हो. तासभर."

"बस की. दोन तास बस." दादानं फोन माझ्याकडे दिला आणि खुणेनं सांगितलं, काही बोलू नकोस.

पण मला एक गोष्ट आठवली होती. गोठ्यामागे सरपण आणायला गेलो की आतून वहिनीचं पुटपुटणं ऐकू यायचं. ती काही पाठ म्हणत असेल असं मला वाटायचं.

"वहिनी, धार काढताना तुम्ही काय म्हणता?"

 वहिनी म्हणाली, "असंच. घरातल्या माणसांबद्दल."

"कुणाबद्दल?"

"भावोजी, आमच्या घरात माणसं किती?"

मी हिशेब केला. ती सोडून एक.

संध्याकाळी दादा स्टुलावर बसला. मी शेजारी उभा राहिलो आणि गाईला म्हणालो, "दादा जेवताना पेपर वाचतो."

तांबडीचा कान हलला.

"पेपर वाचून झाला की विचारतो, आज भाजीत मीठ कमी होतं का. तोपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं."

पहिली धार बादलीत वाजली.

"मागच्या दाराची कडी तुटून सहा वर्षं झाली. हा दाराला वीट लावतो. पहाटे गार वारा सरळ चुलीपाशी येतो."

"पाच वर्षं," दादा म्हणाला. "आणि कडी आणून ठेवलीय मी."

धार थांबली.

"दादा, मध्ये बोलू नकोस."

पण मी वर्षातून दहाच दिवस येतो. बादली पाव भरली आणि माझ्याकडच्या गोष्टी संपल्या. तांबडी वाट पाहत होती. दादानं डोकं तिच्या पोटाला टेकवलं.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या हिला ताप होता," तो म्हणाला. "दोन दिवस. मी विचारलं, चहा झाला का."

दूध येऊ लागलं.

"तिनं केला चहा. मी प्यायलो. गार झालाय असंही म्हणालो."

बादली भरली. पुढे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. मी फक्त कंदील धरायचो. दादाला एकदाही विचार करत थांबावं लागलं नाही, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. सोललेले वाटाणे मात्र आम्ही दोघं पायरीवरच खाऊन टाकत होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या बसनं वहिनी आली. ती थेट गोठ्यात आली. हातात पिशवी, चपलांना वाळू. दादाची पाठ दाराकडे होती. तो गाईला सांगत होता, "आणि तक्रार नसते, तक्रार नसते म्हणून मीच गावभर सांगत फिरलो." वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. बादली भरेपर्यंत ती आत आली नाही.

मग म्हणाली, "कडीचं झालं का सांगून?"

दादा दचकला, पण स्टुलावरून उठला नाही. "ते पहिल्याच दिवशी झालं. काल बसवली."

वहिनीनं खुंटीवरचा स्वेटर काढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कंदिलाची वात नीट केली.

"पुढच्या हिवाळ्यात दहा दिवस राहीन म्हणते," ती म्हणाली.

दादानं बोटांवर काहीतरी मोजलं. "दहा दिवस पुरेल एवढं आहे का माझ्याकडे?"

"आहे," वहिनी म्हणाली आणि बादली उचलून घरात गेली.