आत्याच्या काचेवरचे दहा अल्बम

आमच्या गल्लीत तिला सगळे आत्याच म्हणत. तिची भाची लहानपणी शाळेतून थेट तिच्या दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत "आत्या, आत्या" करत बसायची, त्यावरून ते नाव पडलं. दुकान म्हणजे कपडे अल्टर करण्याचा गाळा. पँटची लांबी, शर्टाच्या बाह्या, तुटलेल्या चेन. डावीकडे मशीन, उजवीकडे दोन जुने स्पीकर, आणि त्यांवर दिवसभर काही ना काही वाजत असायचं. पण सुटं गाणं तिला चालायचं नाही. अल्बम लावला की पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. एखादं गिऱ्हाईक "हे गाणं बदला की," म्हणालं, तर ती तोंडातल्या टाचण्या न काढताच विचारायची, "शर्टाला एकच बाही लावून देऊ का?"

यादीची सुरुवात भांडणातून झाली. एका वर्षअखेरीला वर्तमानपत्रात "वर्षातले सर्वोत्तम अल्बम" छापून आले. पहिल्या नंबरच्या अल्बमबद्दल जाणकारांनी लिहिलं होतं, की शेवटचं गाणं म्हणजे कळस आहे. आत्याने तोच अल्बम घेतला होता. त्यातलं शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटत होतं. तिने दुकानातून दोनदा सीडी बदलून आणली, तरी तेच. म्हणजे सगळा मालच तसा निघाला होता आणि जाणकार शेवटपर्यंत पोचलेच नव्हते. तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापलं नाही. मग कटिंगच्या खाकी कागदाचा एक मोठा तुकडा कापून तिने स्वतःला आवडलेल्या दहा अल्बमची नावं त्यावर जाड अक्षरात लिहिली, खाली लिहिलं, "हे सगळे शेवटपर्यंत ऐकलेले आहेत," आणि कागद दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला.

अशी एकोणीस वर्षं दर वर्षअखेरीला नवी यादी लागली. लोक काचेसमोर उभे राहून वाद घालायचे. शाळेतले संगीताचे मास्तर तर स्वतःची यादी खिशात घेऊनच यायचे आणि तावातावाने बोलायचे. आत्या सगळं ऐकून घ्यायची आणि एक नावही हलवायची नाही.

विसाव्या वर्षी भाचीचा पहिला अल्बम आला. घरात आनंदीआनंद. भाचीचे वडील, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, भेटेल त्याला अल्बम ऐकवत सुटला. डिसेंबर उजाडला तसा तो दुकानात आला. "यंदा पहिला नंबर कोणाचा, ते काही विचारायला नको," म्हणाला आणि हसला. आत्या हसली नाही. अल्बम तिने तोवर अकरा वेळा ऐकला होता.

यादी लागली. त्यात भाची नव्हती.

त्याच दिवशी भाऊ तडक दुकानात आला. "अगं, दहा नावांत एक घरचं नाव बसलं नाही तुला?"

"बसवलं असतं, दादा. पण अल्बम बसला नाही."

"एका ओळीने तुझं काय जाणार होतं?"

"एक ओळ खोटी लिहिली, की बाकीच्या नऊ वाचायच्या कोणी?"

"लोक हसतायत आम्हाला. सख्खी आत्या, आणि पोरीच्या पाठीशी नाही!" त्याचा चेहरा लाल झाला. "गाळा माझ्या नावावर आहे, विसरू नकोस. तो कागद उद्या दिसता कामा नये."

आत्याने मशीनवर कापड ओढलं. "बरं. नाही दिसणार," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन उचललं. आम्ही चौघांनी हात लावला. समोरच्या घड्याळवाल्या काकांनी त्यांच्या दुकानाचा अर्धा भाग तिला दिला. वर म्हणाले, "माझ्या घड्याळांची टिकटिक सहन करावी लागेल." ती म्हणाली, "ठेका चुकत नाही ना, मग झालं." दोऱ्याची रिळं अजून पिशवीतच होती, स्पीकरच्या तारा जमिनीवर लोळत होत्या, आणि तिने सगळ्यात आधी काच पुसून यादी चिकटवली. भावाच्या गाळ्याच्या बरोबर समोर.

आठवड्याने भाची आली. बावीस वर्षांची, डोळे सुजलेले. "आत्या, मला कारण सांग. गोड बोलू नकोस."

आत्याने तिच्या अल्बममधलं सहावं गाणं लावलं आणि मधेच थांबवलं. "इथे एवढी लांब ओळ गायलीस. श्वास कुठे घेतलास?"

"तो काढून टाकला. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, स्वच्छ वाटतं."

"अख्ख्या अल्बममध्ये तू एकदाही श्वास घेत नाहीस. माझ्या मशीनपाशी बसून गायचीस, तेव्हा श्वास ऐकू यायचा. मला तो आवाज माहीत आहे. हा मला माहीत नाही."

"तुला गाण्यातलं काय कळतं गं? टाके घालतेस तू!"

"टाके घालते, म्हणून उसवलेलं दिसतं."

भाची दार आपटून गेली. घरच्या समारंभांची आमंत्रणं आत्याला बंद झाली. वहिनी रस्त्यात दिसली तरी मान वळवायची. आत्याला ते लागायचं. भाचीच्या लहानपणीच्या स्टुलावर ती कोणाला बसू द्यायची नाही, पिशव्या ठेवून ते अडवून ठेवायची. पण काकांनी एकदा सुचवलं, की खाली "विशेष उल्लेख" म्हणून तरी नाव लिहा, तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते निमूट भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.

तीन वर्षं गेली. भाचीने तिचा अल्बम काढणारी मोठी कंपनी सोडल्याचं कानावर आलं. मग एका दुपारी टपालाने एक अल्बम आला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आत्याने दार लोटून घेतलं आणि ऐकला. परत ऐकला. त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाचा कपडा तयार झाला नाही.

त्या वर्षीच्या यादीत भाचीचं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ रस्ता ओलांडून आला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. काचेवर बोट ठेवून वाचत खाली खाली आला आणि थांबला.

"सातवा?"

"सातवा."

"एवढं करून सातवा! सहा कोण एवढे मोठे लागून गेले?"

आत्याने स्टुलावरच्या पिशव्या उचलून खाली ठेवल्या. "सहाव्यापासून ऐकवते. बस. आणि मधे बोलायचं नाही."

भाऊ बसला. पाऊण तासाने अल्बम संपला. तो घड्याळांकडे बघत म्हणाला, "समोरचा गाळा रिकामाच आहे अजून."

"असू दे," आत्या म्हणाली आणि पाचवा अल्बम लावला.