टीव्हीवरचा बाण

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की आजही मी नाकाला पदर लावते.

नारायणगावला आमच्या टोमॅटोच्या गाळ्यावर शेतकऱ्यांना भाव दिसावेत म्हणून थोरल्या दादानं बाहेर मोठा टीव्ही टांगला होता. तो कॉम्प्युटरला जोडायचं काम धाकट्या संजूकडं. त्यानं ऑफिसात बसून ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि आतला स्क्रीन काळा पडला.

"पूजेच्या दिवशीच मशीन मारलंस व्हय रं!" दादा गरजला. ते दोघं आत, आणि ऑफिसचं दार धाडकन लागलं.

मी बाहेर टीव्हीला माळ घालत होते. आवारात स्पीकर दणाणत होता. तेवढ्यात टीव्ही उजळला. आतलं सगळं चित्र तिथं आलं होतं. माउसचा बाण मात्र येड्यासारखा उड्या मारत होता.

"आयला, बाण लई नाचतोय राव!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मीही हसतच सांगायला दार उघडलं.

दादाच्या हातात पूजेचा, हळदकुंकू लावलेला लोखंडी पाना होता. संजू टेबलावर वाकला होता. माउसवरची त्याची मूठ सुटली नव्हती.

पाना पुन्हा त्याच्यावर खाली आला. बाहेर पुन्हा टाळ्या पडल्या.